फडके स्टुडिओत ‘हा कोणाचा?’ एवढंच का विचारायचं?

इंदूरहून धार ६०-६५ किलोमीटर. इतिहासप्रेमींच्या सहली तिथे हमखास जातात. भोजशाळा, किल्ला आणि पुढे मांडू, असा बेत ठरलेला. मधल्या अर्ध्या तासात ‘फडके स्टुडिओ उरकून घेऊ’. या ‘उरकण्या’बद्दलच बोलायचं आहे.

शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके (१८८४–१९७२) मूळचे वसईचे. कलाशाळेत न शिकता ते स्वतःच्या हिमतीवर घडले. मुंबईत गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्य टिळकांचा पुतळा त्यांचाच. पुढे धार संस्थानाने त्यांना बोलावलं आणि ते धारचेच झाले. १९६१ साली पद्मश्री मिळाली. इंदुरात देवळालीकरांच्या कलाशाळेतून बेंद्रे, हुसेन यांच्यासारखे चित्रकार घडले. चित्रकारांची ही परंपरा आपण अभिमानाने सांगतो. शेजारच्या धारचा शिल्पकार मात्र एका वाक्यात आटोपतो.

स्टुडिओत शिरल्यावर आपला प्रश्न एकच असतो: हा कोणाचा? ओळख पटली की फोटो, नाही पटली की पुढे. म्हणजे आपण थोर पुरुषांची हजेरी घेतो, शिल्प पाहतच नाही. त्यात प्लास्टरचं काम दिसलं की कोणीतरी म्हणतंच, “ही तर नक्कल, खरा पुतळा तिकडे आहे.”

इथेच चूक होते. शिल्पकाराची बोटं फिरतात मातीवर. सांगाड्यावर माती चढवून आकार घडतो, त्यावरून साचा घेतात आणि साचा काढताना माती बहुधा मोडते. साच्यात ओतलेलं प्लास्टर हीच त्या हाताची पहिली टिकाऊ खूण. त्यावरून धातूचं ओतकाम होतं किंवा मापं घेऊन संगमरवर कोरतात, आणि त्यात पुष्कळदा दुसऱ्या कारागिरांचे हात लागतात. चौकातला पुतळा भव्य खरा, पण शिल्पकाराच्या बोटांना जवळचं असतं ते प्लास्टर.

हा नुसता कलेचा काथ्याकूट नाही. कुठल्याही शिल्पकाराच्या घरातलं प्लास्टर ‘नक्कल’ ठरलं की त्याची किंमत संपते. प्लास्टर ओल शोषतं, धक्क्याने कपचे उडतात आणि वरून रंगाचे हात दिले की बारीक खुणा बुजतात. संगमरवराच्या बाबतीत आपण जी काळजी घेतो, ती याला अधिक हवी.

तेव्हा पुढच्या सहलीत मांडूचा एखादा महाल कमी करा, पण इथे निदान तासभर द्या. पुतळ्याच्या मागच्या बाजूलाही जा. साच्याची सांधरेघ दिसते का बघा, हत्याराच्या खुणा शोधा. केस, कान आणि पापण्यांवर काम वेगवेगळं केलेलं आहे का, ते पाहा. आणि ‘हा कोणाचा?’ विचारून झालं की दुसरा प्रश्न जरूर विचारा: हा घडवला कसा?