कालबाह्य अक्षरयोजनांतील नकला आणि 'सुसंगतता' : एक परीक्षण

जुना कागद वाचतां न येण्याचीं कारणें आपल्या संग्राहकांस नवीन नाहींत. वाळवी, ओल, शाईनें खाल्लेला कागद, मोडीचा घसेटी हात, हीं तीं कारणें होत. यांत आतां आणखी एकाची भर पडली आहे. नक्कल अवघी पाव शतकापूर्वींची असते, तिचें एकहि अक्षर झिजलेलें नसतें, आणि तरीहि ती वाचतां येत नाहीं. संगणकावर उतरलेल्या नकलांची ही अवस्था आहे. ती दूर करण्याचा जो उपाय आज सर्रास सांगितला जातो, म्हणजे जुने ग्रंथलेखन-कार्यक्रम नव्या यंत्रावर 'सुसंगतता' नामक सोयीनें चालविणें, त्याची पाठचिकित्सेच्या दृष्टीनें किंमत काय, हें येथें पाहावयाचें आहे.

निमित्त असें घडलें. इ. स. १९९९ च्या उन्हाळ्यांत बदलापूर येथील एका घराण्याच्या दप्तरांतील ६३ मोडी कागद मीं बाळबोधींत उतरले. बहुतेक कागद वहिवाटीचे, साऱ्याचे व शेतांच्या चतुःसीमांचे. राजकारणाचें त्यांत कांहीं नाहीं. परंतु उल्हास नदीच्या कांठच्या गांवांची शेतीची व्यवस्था समजण्यास असेच कागद उपयोगी पडतात. नकला शाळेच्या संगणकावर त्या वेळीं प्रचारांत असलेल्या एका देशी फाँटांत टंकिल्या, नमुन्यादाखल अकरा पृष्ठें छापून घेतलीं, आणि फाईली तबकडीवर ठेवून दप्तर मालकांस परत केलें. पुढें २६ जुलै २००५ रोजीं उल्हास नदीला जो महापूर आला त्यांत त्या घरांत पाणी शिरलें व दप्तराचा लगदा झाला. म्हणजे त्या तारखेपासून माझी नक्कल ही नक्कल राहिली नाहीं. तीच एकमेव प्रत झाली. गेल्या वर्षीं त्या घराण्यांतील एक तरुण ती तबकडी घेऊन चामटोलीस माझ्याकडे आला. त्यानें घरच्या नव्या संगणकावर फाईल उघडली होती, आणि त्याला दिसलें तें रोमन अक्षरांचें व विरामचिन्हांचें कडबोळें.

असें कां होतें, हें प्रथम सांगितलें पाहिजे. जुन्या देशी फाँटांत देवनागरी अक्षराला स्वतःचा असा क्रमांक नव्हता. एकंदर २५६ घरें, तीं रोमन लिपीकरितां आंखलेलीं, आणि त्यांतच आपल्या अक्षरांचे तुकडे बसविलेले. उत्तरेकडे फार प्रसृत असलेल्या कृतिदेव फाँटांत 'राम' असें टंकिलें तर यंत्राच्या स्मरणांत जे, के, ई हीं तीन रोमन अक्षरें राहतात. त्यांना 'राम' हें रूप देणारा तो फाँट असतो, आणि तो नसेल तर राम नाहीं. शिवाय लेखनाचा क्रम डोळ्यांनीं दिसतो तसा. 'कि' मध्यें वेलांटी आधीं व क मागून. 'धर्म' मध्यें रफार म च्या नंतर. वैयाकरणास हें विपरीत वाटेल, कारण उच्चारांत र् आधीं आणि म मागून आहे. आणखी अडचण अशी कीं, प्रत्येक कारखानदाराची घरांची मांडणी निराळी. एका पेढीचें दुसऱ्या पेढीस वाचतां येत नसे.

या अव्यवस्थेला दुसरा मार्ग त्याच काळीं उपलब्ध होता, हें आपल्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. भारतीय लिपींसाठीं 'इस्की' हें प्रमाण भारतीय मानक संस्थेनें १९९१ मध्येंच मान्य केलें होतें. त्यांत अक्षराच्या आकारास नव्हे, तर वर्णास क्रमांक दिलेला होता. युनिकोडची पहिली आवृत्तिहि त्याच वर्षींची, आणि तिच्यांतील देवनागरीची १२८ घरें इस्कीच्याच पूर्वरूपावर आधारलेलीं आहेत. परंतु छापखान्यास सुबक अक्षर हवें होतें, आणि तें तुकड्यांच्या फाँटांनीं दिलें. मींहि तेंच घेतलें.

आतां 'सुसंगतता'. ही सोय विंडोज एक्सपी (२००१) पासून आहे. कार्यक्रमाच्या चिन्हावर उजवी कळ दाबून गुणधर्मांत गेलें कीं 'सुसंगतता' नांवाचें पान निघतें, व त्यांत जुन्या आवृत्त्यांचीं नांवें येतात. त्यांतील एक निवडलें म्हणजे नवी प्रणाली त्या कार्यक्रमापुरती आपली ओळख लपविते. कार्यक्रमानें 'तूं कोण' असें विचारलें तर 'मी विंडोज ९८' असें उत्तर देते, आणि कांहीं मागण्या जुन्या रीतीनें पुरविते. हें वेषांतर आहे, कायापालट नव्हे. ज्या कार्यक्रमाचा खोळंबा केवळ आवृत्तीच्या नांवामुळें होत असेल, तो यानें चालू लागतो. ज्याची मुळांतच निराळ्या यंत्ररचनेवर भिस्त असेल, तो चालत नाहीं. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर सोळा बिटांचे कार्यक्रम कोणत्याहि वेषांतरानें चालत नाहींत, आणि विंडोज ११ (२०२१) तर केवळ चौसष्ट बिटांचीच आहे.

माझ्या वेळीं गंमत अशी झाली कीं, लेखन-कार्यक्रम स्वतः बत्तीस बिटांचा, पण त्याची स्थापना करणारा भाग सोळा बिटांचा. म्हणजे घर राहण्यासारखें, आणि दरवाजाला कुलूप. (खऱ्या कुलपाचीहि कथा आहे. त्या काळच्या कित्येक देशी कार्यक्रमांना छपाईयंत्राच्या जोडणींत बसविण्याची एक चावी लागे. ती जोडणीच आजच्या यंत्रांत राहिलेली नाहीं. माझ्या कार्यक्रमास ती लागत नव्हती, हें भाग्य.) शेवटीं त्या तरुणानें नव्या यंत्राच्या पोटांत एक आभासी यंत्र उभें केलें, त्यांत जुनी विंडोज घातली, माझ्या कपाटांतील मूळ तबकडीवरून कार्यक्रम व फाँट बसविले, आणि फाईल उघडली. पडद्यावर १९९९ चें माझें पान जसेंच्या तसें उभें राहिलें, मीं त्या वेळीं केलेल्या टंकनदोषांसह. दप्तराचे मालक आज हयात नाहींत. त्यांच्या नातवानें तें पान बराच वेळ पाहिलें व मग छापून मागितलें.

येथवर सुसंगततेचा पक्ष निर्विवाद आहे. प्रश्न पुढचा. हा मजकूर आजच्या युनिकोडांत आणावयाचा, तर रूपांतरक हवा. असे रूपांतरक फुकट मिळतात. त्यांपैकीं एकावर मीं साऱ्या फाईली घातल्या. क्षणार्धांत ६३ कागद स्वच्छ बाळबोधींत बाहेर आले, आणि दोन दिवस मी समाधानांत होतों. तिसऱ्या दिवशीं छापील अकरा पृष्ठें घेऊन ताडून पाहिलें. एका चतुःसीमेच्या कागदांत, जेथें छापील पानावर 'दऱ्या' असा शब्द आहे, तेथें रूपांतरित पाठांत 'द्या' आलें होतें. मराठींत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतील घळी. हा भेद रकाराच्या चंद्रकोरीसारख्या रूपावर अवलंबून आहे, आणि हिंदीसाठीं रचलेल्या कोष्टकांत त्या रूपाचा विचारच नसतो. येथें तर तो तुकडाच गळाला. पाठ निरर्थक झाला असता तर कोणाच्याहि नजरेस आला असता. पण 'द्या' हा चांगला मराठी शब्द आहे, व दानपत्रसदृश कागदांत तो शोभतोहि. ज्या चुकीला अर्थ असतो ती चूक सर्वांत घातक, हें पोथ्यांच्या परंपरेंत आपण शेंकडों वेळां पाहिलें आहे. अडाणी लेखकापेक्षां अर्धवट शहाणा लेखक पोथीचें अधिक नुकसान करतो. हा रूपांतरक त्या दुसऱ्या जातीचा निघाला.

याहून गंभीर गोष्ट रकमांची. जुन्या हिशेबांत उभ्या रेघांनीं पावली व अर्धा, आडव्या रेघांनीं आणे दाखवीत, हें सांगावयास नको. रूपांतरकानें उभी रेघ दिसली कीं ती वाक्याच्या शेवटचा दंड मानली व तिच्या जागीं आधुनिक पूर्णविराम घातला. 'रुपये ७॥' चे 'रुपये ७.' झाले. साडेसातांचे सात! एका चिन्हानें काय होतें याचें उदाहरण शोधावयास आम्हांस दूर जावयास नको. अंबरनाथच्या शिवालयाच्या शिलालेखाचा शक भाऊ दाजींनीं ७८२ असा वाचला होता. भगवानलाल इंद्रजींनीं तो ९८२ असा सिद्ध केला. एका अंकाच्या वाचनांत दोनशें वर्षें, म्हणजे इ. स. ८६० कीं १०६०, हा निर्णय होता. तेथें भगवानलालांस फिरून पाहावयास दगड जागेवर होता. माझ्या कागदांस तो आधार नाहीं. अपूर्णांकांचीं हीं चिन्हें युनिकोडांत २००९ पासून स्वतंत्र घरें घेऊन बसलेलीं आहेत, हें खरें. पण जुन्या फाईलींतून तीं तेथें कोणी नेऊन बसवावयास हवीं, आणि तें काम वाचणाऱ्याचें आहे, यंत्राचें नव्हे.

जालावरील जुन्या मराठी पृष्ठांची गोष्ट थोडक्यांत सांगतों. गेल्या शतकाच्या अखेरीस अनेक नियतकालिकें पृष्ठाबरोबरच फाँट पाठवीत. त्याचा एक प्रकार केवळ इंटरनेट एक्सप्लोररच ओळखीत असे. तो न्याहाळक १५ जून २०२२ रोजीं निवृत्त झाला. त्याचा वेष एज या न्याहाळकांत आजहि घेतां येतो, परंतु वापरणारानें स्वतः नोंदविलेल्या पृष्ठाची ही परवानगी एका वेळीं तीस दिवसांची, आणि एकंदर सोय निदान २०२९ पर्यंत राहील एवढेंच आश्वासन आहे. शिवाय त्या फाँटांत एक मेख मारतां येत असे : अमुक स्थळाच्या पृष्ठावरच तो चालावा. त्यामुळें संग्रहालयानें पृष्ठ व फाँट दोन्ही जतन केले, तरी स्थळ बदलल्यामुळें फाँट काम नाकारूं शकतो. पोथी आहे, वाचणारा आहे, पण मठाबाहेर तिचें वाचन निषिद्ध, असा हा प्रकार.

या विषयावर संग्राहकांत दोन मतें ऐकूं येतात. एक म्हणतें कीं, जुनें यंत्र, खरें वा आभासी, चालू ठेवा. मूळ दिसतें आहे तोंवर रूपांतराची गरज नाहीं. हें मला मान्य नाहीं. जें केवळ दिसतें पण ज्यांत शब्द शोधतां येत नाहीं, ज्याची सूचि करतां येत नाहीं, तें अभ्यासकाच्या हातीं आलें असें होत नाहीं. आणि वेषांतराची मुदत दुसऱ्याच्या मर्जीवर आहे. दुसरें मत याच्या उलट : सर्व युनिकोडांत आणा व जुन्या फाईली टाकून द्या, जागा अडते. हें मत मला पहिल्यापेक्षां फार अधिक चुकीचें वाटतें. रूपांतर ही नक्कल नव्हे. ती संपादित आवृत्ति आहे, आणि संपादक जर यंत्र असेल तर ती पाठभेदांची नोंद न देणारी आवृत्ति आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या कामांत सुकथनकरांनीं स्वीकृत पाठाखालीं प्रतींचे पाठभेद देण्याचा जो कटाक्ष ठेविला, तो येथेंहि लागू आहे. पोथीचा लेखक शेवटीं म्हणतो कीं, जसें पाहिलें तसें लिहिलें, दोष माझ्याकडे नाहीं. रूपांतरकास असें म्हणतां येणार नाहीं, कारण तो पाहतच नाहीं. आभासी यंत्रांतील पान ही तपासणीची प्रत, आणि युनिकोडांतील पाठ ही वापरण्याची. पहिली हाताशीं असल्याशिवाय दुसरीवर विश्वास टाकूं नये, असें माझें मत झालें आहे.

त्याप्रमाणें मीं सहा महिने खर्चून त्या फाँटाच्या घरांचें कोष्टक हातानें केलें, रूपांतर पुनः केलें, व प्रत्येक कागद आभासी यंत्रांतील पानाशीं ताडला. 'ऱ्य' च्या बाबतींतहि एक निवड करावी लागली, कारण युनिकोडांत तो दोन रीतींनीं लिहितां येतो व एका रीतीनें लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीनें शोधल्यास सांपडेलच असें नाहीं. मीं नुक्त्याचा ऱ सर्वत्र योजिला आहे.

एक दोष मात्र कोणत्याहि कोष्टकानें निघणारा नाहीं, कारण तो माझा स्वतःचा आहे. मोडींत इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळलेले नसतात. १९९९ मध्यें मीं ते बाळबोधींत उतरतांना शाळामास्तराच्या संवयीनें शिकविण्यांतल्या नियमांप्रमाणें शुद्ध करून टंकिले. (जुन्या वळणानें लिहिणारानें हें कबूल करतांना संकोच वाटतो.) मोडीस युनिकोडांत स्थान २०१४ मध्यें मिळालें, आज तोच कागद समोर असता तर मीं तो मोडींतच उतरला असता. म्हणून या कागदांतील ऱ्हस्व-दीर्घावरून कोणीं भाषेविषयीं अनुमान काढूं नये.

तेविसाव्या कागदांतील रकमेचा निर्णय लागलेला नाहीं. तेथें बारांच्या पुढें एक उभी रेघ आहे. ती पावली असेल, किंवा वाक्य संपल्याचा दंड असेल. मीं त्या वेळीं दोन्हींसाठीं एकच कळ दाबीत असें. छापील अकरा पृष्ठांत तो कागद नाहीं. पाठांत ती रेघ चौकोनी कंसांत ठेविली असून खालीं दोन्ही वाचनें दिलीं आहेत.