दंडकारण्य कुणाचे?

चंद्रपूरला मूल रस्त्यावर बंगाली कॅम्प आहे. एस.टी.चा वाहक ते नाव पुकारतो, माणसे उतरतात, चढतात. हे बंगाली म्हणजे नेमके कोण, हे विचारण्याची गरज कुणाला भासत नाही. प्रस्थापित साहित्यिकांना ती भासली नाही यात नवल नाही. त्यांना विदर्भाचे जंगल दिसते ते वाघापुरते. पण दलित साहित्याच्या चळवळीलाही ती भासू नये, याचा जाब आपण स्वतःलाच विचारला पाहिजे.

साठच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून उखडलेली जी कुटुंबे तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आणून वसवली गेली, त्यांतली बहुसंख्य नमःशूद्र होती. खुलना, जेसोर, फरीदपूर, बारिसाल येथली शेतकरी, मच्छीमार, नावाडी माणसे. सरकारी कागदांत त्यांची नोंद ‘चंडाल’ अशी होत असे. ते नाव पुसून ‘नमःशूद्र’ हे नाव १९११ च्या जनगणनेत आणायला त्यांना दीर्घ लढा द्यावा लागला. हरिचंद ठाकूर आणि गुरुचंद ठाकूर यांच्या मतुआ पंथाने त्यांना आत्मभान दिले, शाळा दिल्या. १९४६ साली मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना घटना समितीत जाण्याची वाट उरली नव्हती. तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना बंगालमधून निवडून पाठवले. पुढे फाळणी झाली आणि नमःशूद्रांचा मुलूखच सीमेपलीकडे गेला. पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झालेले मंडल १९५० साली राजीनामा देऊन भारतात परतले. त्यांच्यामागे माणसांचे लोंढे येतच राहिले.

आता हा योग पाहा. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्यात धम्मदीक्षा दिली. ज्या समाजाने त्यांना घटना समितीत पाठवले, त्याच समाजाची माणसे पुढे दहाएक वर्षांत याच जिल्ह्यात आली. दीक्षाभूमी आणि बंगाली कॅम्प एकाच शहरात आहेत. तरीही या दोन वस्त्यांच्या नात्यावर उभी राहिलेली एकही मराठी कथा, कविता माझ्या वाचनात नाही.

याचे एक कारण कायद्यात आहे. अनुसूचित जातींची यादी राज्यवार ठरते. पश्चिम बंगालच्या यादीत नमःशूद्र आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. म्हणजे रेल्वेत बसून माणूस इकडे आला की त्याची अस्पृश्यता कागदावर संपते! बौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत झगडावे लागले. धर्म बदलला म्हणून जात गेली, असे आपल्याला सांगण्यात येत होते. यांना सांगण्यात येते की प्रांत बदलला म्हणून जात गेली. हे दुखणे आपल्याइतके कुणाला कळावे?

पण सगळा दोष कायद्यावर ढकलून आपली सुटका नाही. आपल्या समीक्षेने ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द इतका मध्यवर्ती केला की ज्याला गावच उरले नाही, त्याची वेदना त्या मापात बसेना. मनोरंजन ब्यापारी यांचे ‘इतिवृत्ते चंडाल जीवन’ हे आत्मकथन या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. २०१८ साली त्याचा इंग्रजी अनुवाद आला. निर्वासित छावणीत वाढलेला, तुरुंगात अक्षर ओळखलेला, रिक्षा ओढता ओढता महाश्वेता देवींना ‘जिजीविषा’ या शब्दाचा अर्थ विचारणारा हा लेखक. पूर्वजांनी झगडून पुसलेली शिवी त्याने पुस्तकाच्या नावात परत आणली आहे. ‘बलुतं’ आणि ‘उपरा’ वाचलेल्याला ही रीत ओळखीची वाटेल. मात्र एक भेद आहे. आपल्या आत्मकथनांत गाव शत्रू म्हणून का होईना, पण जागेवर असते. ब्यापारींच्या जगण्याला स्थिर पार्श्वभूमीच नाही. छावणी, फलाट, तुरुंग, बस्तरचे जंगल, दल्ली राजहराच्या खाणकामगारांत शंकर गुहा नियोगींची संघटना, अशी ती सारखी हलत राहते. आत्मकथनाची आपली व्याख्या इथे तोकडी पडते. ती रुंद करणे हे समीक्षेचे काम आहे.

याहून कठीण प्रश्न पुढेच आहे. केंद्र सरकारने १९५८ साली ओरिसा आणि बस्तरमध्ये पुनर्वसनाचा प्रकल्प उभारला आणि त्याला ‘दंडकारण्य’ नाव दिले. नाव रामायणातले! निर्वासिताला त्यात वनवास दिसला आणि ते स्वाभाविक होते. बंगालच्या छावण्यांतल्या ज्यांनी तिकडे जायला नकार दिला, त्यांचा शिधा बंद झाला. पण ज्याला सरकार अरण्य म्हणते आणि निर्वासित वनवास म्हणतो, ते माडिया आणि गोंड माणसाचे घर आहे. चामोर्शी, मुलचेरा भागात तलाव राखून मासे वाढवणारी, भाताची खाचरे करणारी बंगाली गावे आज उभी आहेत. सुभाषग्राम, विवेकानंदपूर ही त्यांची नावे. (नावे भद्रलोकांच्या बंगालची, राबणारे हात नमःशूद्रांचे. हेही ध्यानात घ्यावे.) ती जमीन रिकामी होती हे कुणी ठरवले? पट्टा नाही म्हणजे मालक नाही, हा न्याय आदिवासीला लावला गेला. २००६ च्या वनहक्क कायद्यात बिगरआदिवासीला तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. साठच्या दशकात आलेला निर्वासित त्यात कसा बसणार? एका पीडिताच्या दारात दुसरा पीडित नेऊन बसवायचा आणि भांडण त्यांच्यावर सोडायचे, ही राज्यकर्त्यांची जुनी रीत आहे. आपल्याच माणसाची बाजू घेऊन लिहिणाऱ्या लेखकाची इथे खरी परीक्षा होते. नमःशूद्राचे दुःख सांगताना माडिया माणूस झाडांसारखा मागे उभा राहिला, तर ते लेखन कितीही विद्रोही असो, मला ते अपुरे वाटेल.

१९७८ साली हजारो कुटुंबे दंडकारण्य सोडून सुंदरबनातल्या मरिचझांपी बेटावर गेली. डाव्या आघाडीच्या सरकारने जानेवारी १९७९ मध्ये बेटाची नाकेबंदी केली आणि मे महिन्यात वस्ती उठवली. गोळीबारात, उपासमारीत, रोगाने किती माणसे मेली यावर अजून वाद आहे. अमिताव घोष यांनी २००४ साली ‘द हंग्री टाइड’ ही कादंबरी या पार्श्वभूमीवर लिहिली. इंग्रजी वाचकाला मरिचझांपी कळले ते मुख्यतः तिच्यामुळे. भोगणारे एक आणि कथन करणारे दुसरे, हा आपल्या परिचयाचा प्रकार. जे वाचले त्यांतले अनेक पुन्हा त्याच जंगलातल्या वसाहतींत परतले.

आज बंगाली कॅम्पातली मुले चंद्रपूरच्या महाविद्यालयांत मराठी घेऊन शिकतात. घरात आजी बंगाली बोलते, बाजारात झाडी बोली कानावर पडते, शेजारच्या बाकावर गोंडी घरातली मुलगी असते. यांतला कुणी आपल्या आजीचे म्हणणे लिहून या पानांकडे धाडील, तेव्हा त्याचे मराठी शुद्ध आहे की नाही हे पाहत बसू नये. मात्र त्या शेजारच्या मुलीचे गाव त्याच्या लेखात आहे का, एवढे त्याला जरूर विचारावे.