‘टिमियस’मधील विश्वशिल्पी : कथनक्रमाचा प्रश्न

प्लेटोच्या ‘टिमियस’ या संवादातील सृष्ट्युत्पत्तीचे निवेदन वाच्यार्थाने घ्यावे की लाक्षणिक अर्थाने, हा वाद प्लेटोच्या अकादमीइतकाच जुना आहे. टिमियसचा विश्वशिल्पी शून्यातून काही निर्माण करीत नाही. शाश्वत आदर्शाकडे पाहून तो विस्कळीत गतीने भरलेल्या दृश्य जगाला व्यवस्था देतो. भूमितीची आकृती टप्प्याटप्प्याने काढतात ती केवळ अध्यापनाच्या सोयीसाठी, तसेच हे निवेदन समजावे, असा बचाव काहींनी केला. ॲरिस्टॉटलने ‘आकाशाविषयी’ या ग्रंथात तो फेटाळला. आकृतीचे सर्व घटक एकाच वेळी असू शकतात. अव्यवस्था आणि व्यवस्था मात्र एकत्र नांदू शकत नाहीत. त्यांच्यात काळाचे अंतर मानावेच लागते.

विसाव्या शतकात कॉर्नफर्ड (१९३७) यांनी लाक्षणिक, तर व्लास्टोस (१९३९) यांनी वाच्यार्थी वाचनाची बाजू घेतली. मात्र या वादात कथनाच्या रूपाचा विचार दुय्यम ठरतो. कथा हे जणू सिद्धांतावरचे टरफल आहे आणि ते काढायचे की ठेवायचे एवढाच प्रश्न आहे, असे गृहीत धरले जाते.

संहिता स्वतः याहून सावध आहे. आपले निवेदन ही ‘संभाव्य कथा’ आहे, असे टिमियस सांगतो. विश्व ही प्रतिमा असल्याने तिच्याविषयीचे कथनही त्याच कोटीचे असणार, हे त्याचे कारण. बर्नयेट (२००५) यांनी या ‘संभाव्य’ शब्दात केवळ अनिश्चितता न पाहता युक्ततेचा निकषही दाखवून दिला. शिवाय, विश्वात्म्याचे वर्णन देहानंतर आले तरी आत्माच ज्येष्ठ आहे, असे टिमियस बजावतो आणि क्रमातील या दोषाचे खापर मानवी बोलण्याच्या स्वैरपणावर फोडतो. कथनक्रम आणि उत्पत्तिक्रम यांतील फरक संहितेने असा उघडपणे मान्य केला आहे.

ही कबुली लाक्षणिक वाचनाला अनुकूल वाटते. पण तिने ॲरिस्टॉटलचा आक्षेप निकालात निघत नाही. काळ आकाशाबरोबरच उत्पन्न झाला, असेही टिमियस म्हणतो. मग विश्वशिल्पीच्या कृतीच्या ‘आधी’ काय होते, हा प्रश्न कोणत्या काळाविषयी विचारायचा? कथनाला ‘आधी’ आणि ‘नंतर’ हवेतच, आणि त्यांचा आधार तर निवेद्य विषयानेच काढून घेतला आहे. ‘टिमियस’मधील खरा ताण या ठिकाणी आहे. बुद्धितत्त्व अनिवार्यतेचे मन वळवते, तिच्यावर सक्ती करीत नाही, हे टिमियसचे प्रतिपादनही येथे लक्षात घ्यावे. विश्वाची घडण आणि विश्वाचे कथन या दोहोंना आपापल्या माध्यमाचा प्रतिरोध सोसावा लागतो. म्हणून रूप वगळून सिद्धांत वेगळा काढणारे वाचन, वाच्यार्थी असो वा लाक्षणिक, सिद्धांताचाच एक भाग गमावते.