रेमो फर्नांडिस: शिवोलीच्या घरातले रॉक

'बॉम्बे' (१९९५) या चित्रपटातील 'हम्मा हम्मा' किंवा 'प्यार तो होना ही था'चे (१९९८) शीर्षकगीत, एवढ्यावरून ज्यांनी रेमो फर्नांडिस यांना ओळखले, त्यांनी त्यांना ओळखलेच नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९५३ साली जन्म, मुंबईत सर जे. जे. महाविद्यालयात वास्तुकलेचे शिक्षण, मग मिळेल त्या वाहनाने युरोप आणि उत्तर आफ्रिकेची भटकंती. खरी कथा सुरू होते ती १९८४ मध्ये, बार्देशातील शिवोली गावी. घरातल्या चार ट्रॅकच्या कॅसेट-रेकॉर्डरवर त्यांनी 'गोअन क्रेझी' ही ध्वनिफीत एकट्याने सिद्ध केली. शब्द, चाल, वाद्ये, आवाज सारे त्यांचेच. आधी एका ट्रॅकवर ताल भरायचा, तो ऐकत दुसऱ्यावर गिटार, मग बासरी, मग गळा. जागा संपली की आधीचे थर एकत्र मिसळायचे. प्रत्येक मिसळीत नाद किंचित मळतो. तयार कॅसेट त्यांनी स्कूटरवरून स्वतः दुकानोदुकानी पोहोचवल्या. मुंबईच्या गुळगुळीत स्टुडिओपेक्षा तो घरगुती मळकटपणा आम्हांला अधिक प्रिय आहे.

रॉक हे ब्लूजचे अपत्य. अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीयांनी आपले दुःख ब्लूजमध्ये ओतले, आणि त्या गाण्यात त्यांच्या प्रार्थनामंदिरातील सूरही मुरले होते. साचा परका, पण त्यात ओतायचे काय? आपल्याकडच्या बहुतेक इंग्रजी बँडांनी साच्याबरोबर परके दुःखही उचलले. रेमोंनी गोव्याचे रोजचे जगणे ओतले. 'ओल्ड गोअन गोल्ड'मध्ये (१९८५) तर जुन्या कोकणी गीतांनाच नवा साज चढवला. मांडो ऐकत वाढलेल्या घरांना यात अवमान दिसला असेल. आम्हांला त्यात आजीच्या पेटाऱ्यातली साडी नातीने नेसल्याचा आनंद दिसतो.

दोष नाहीत असे नव्हे. 'पॅक दॅट स्मॅक'चा (१९८६) गर्दविरोधी हेतू निःसंशय उदात्त, पण जिथे ते उपदेश करतात तिथे कवी मागे सरतो आणि भित्तिपत्रक पुढे येते. थट्टा करताना मात्र ते अचूक असतात. चित्रपटांनी त्यांचा खर्जातला गळा घेतला, लेखणी फारशी घेतली नाही. २००७ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२१ मध्ये आत्मचरित्र आले. पण 'गोअन क्रेझी' ऐकलेली माणसे आपल्यात अजून थोडीच.

हे चाकणच्या वाचकांपुढे मांडण्याचे कारण आहे. आपल्या गायकवृंदातील मुले गिटार उत्तम वाजवतात, आणि नाताळच्या कार्यक्रमात जशीच्या तशी परकी गाणी म्हणतात. कांद्याच्या बाजारावर, रात्रपाळीच्या बसवर, भाड्याच्या खोलीवर गाणे रचलेले आम्ही अद्याप ऐकले नाही. शिवोलीत एका माणसाला चार ट्रॅक पुरले. आज त्याहून मोठा स्टुडिओ या मुलांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे.