देहाचे देणे : विज्ञानसाहित्यातील जैविक आणि यांत्रिक अवयवांची निवड

प्रस्तावना

मानवी देहाच्या मर्यादा ओलांडण्याची आकांक्षा विज्ञानसाहित्यात आरंभापासून दिसते. ती पूर्ण करण्याचे दोन मार्ग या साहित्याने प्रामुख्याने कल्पिले आहेत. पहिला मार्ग जैविक होय. त्यात पेशी, जनुके किंवा दुसऱ्या सजीवाचा अवयव यांच्या साहाय्याने देह बदलला जातो. दुसरा मार्ग यांत्रिक होय. त्यात धातू, विद्युत्‌मंडले आणि संगणक यांची देहाला जोड दिली जाते. या दोहोंपैकी कोणता मार्ग निवडावा, हा प्रश्न अनेक कथा-कादंबऱ्यांच्या मुळाशी आहे. तथापि तो बहुधा ‘अवयव कशाचा बनलेला आहे’ एवढ्यापुरता मर्यादित राहतो. अवयव मिळाल्यानंतर माणूस कोणाचा ऋणी होतो आणि ते ऋण कसे फेडतो, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे.

प्रस्तुत लेखात निवडक पाश्चात्त्य आणि मराठी कृतींच्या आधारे या उणिवेची चिकित्सा केली आहे. कसोटी म्हणून मुंबईच्या उपनगरातील एक प्रत्यक्ष घटना विचारात घेतली आहे. घाटकोपर रेल्वे स्थानकावरील अपघातात दोन्ही हात गमावलेल्या एका तरुणीच्या बाबतीत यांत्रिक आणि जैविक हे दोन्ही मार्ग एकापाठोपाठ अवलंबिले गेले. साहित्याने कल्पिलेली निवड आणि जीवनात करावी लागलेली निवड यांतील अंतर त्यामुळे स्पष्ट होते.

संज्ञांची संदिग्धता

‘जैविक’ आणि ‘यांत्रिक’ हे भेद वरवर पाहता स्पष्ट वाटतात. इतिहास मात्र वेगळे सांगतो. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० च्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून जगभर गेला. त्या नाटकातील रोबो धातूचे नाहीत. ते कृत्रिम सजीव द्रव्यापासून कारखान्यात तयार केलेले आहेत. ‘सायबॉर्ग’ ही संज्ञा मॅन्फ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन यांनी १९६० मध्ये अंतराळप्रवासाच्या संदर्भात घडविली. त्यांनी दिलेले उदाहरण पोलादी हाताचे नव्हते, तर शरीरात हळूहळू औषध सोडणारा पंप बसविलेल्या उंदराचे होते. म्हणजे ज्या दोन शब्दांनी यांत्रिक देहाची कल्पना रूढ केली, त्या दोन्ही शब्दांच्या जन्मातच सजीवाचा अंश आहे.

दुसरा भेद भरपाई आणि वर्धन यांचा आहे. गमावलेला अवयव परत मिळविणे ही भरपाई. असलेल्या क्षमतेत भर घालणे हे वर्धन. मार्टिन केडिन यांच्या १९७२ च्या ‘सायबॉर्ग’ या कादंबरीत अपघातग्रस्त वैमानिकाची भरपाई पाहता पाहता वर्धनात रूपांतरित होते आणि तो शासनाच्या कामी येतो. विज्ञानसाहित्य भरपाईच्या दारातून प्रवेश करते आणि वर्धनाच्या दालनात रमते. दाराशी थांबलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे बहुधा राहून जाते.

पाश्चात्त्य कृतींतील निवड

या विषयाची सर्वांत नेमकी मांडणी आयझॅक असिमॉव्ह यांच्या १९६७ च्या ‘सेग्रिगेशनिस्ट’ या छोट्या कथेत आढळते. रुग्णाला हृदय बदलून घ्यावयाचे आहे. त्याला धातूचे हृदय हवे आहे. शल्यविशारद मात्र तंतुमय, सजीव हृदयाशी अधिक जुळणारे हृदय सुचवितो. माणसाने माणूस राहावे आणि यंत्राने यंत्र, असा त्याचा आग्रह आहे. कथेच्या शेवटी तो शल्यविशारद स्वतःच धातूचा असल्याचे उघड होते. शुद्धतेचा आग्रह येथे यंत्राच्या तोंडी आहे, हा या कथेचा मर्मभेदी उपरोध होय.

ही कथा ज्या वर्षी आली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी तसाच प्रयत्न केला. रुग्ण काही तासच जगला. त्या काळी शस्त्रक्रियेचे कौशल्य पुरेसे असले, तरी परके हृदय स्वीकारण्यास शरीराला राजी करण्याची विद्या अपुरी होती. असिमॉव्ह यांच्या रुग्णाला मात्र शरीराच्या या नकाराची चिंता नाही. त्याची निवड आवडीनिवडीची आहे. प्रत्यक्षातील निवड देहाच्या संमतीवर अवलंबून असते.

‘द बायसेन्टेनिअल मॅन’ (१९७६) या कथेत असिमॉव्ह यांनी प्रवासाची दिशा उलटी केली. तेथे यंत्रमानव एकेक जैविक स्वरूपाचा अवयव स्वीकारत जातो आणि अखेरीस मर्त्य होणे पसंत करतो. त्याच्या दृष्टीने सजीवतेची किंमत मृत्यू ही आहे आणि ती तो जाणीवपूर्वक चुकवितो. ब्रूस स्टर्लिंग यांच्या ‘स्किझमॅट्रिक्स’ (१९८५) या कादंबरीत ही व्यक्तिगत निवड राजकीय होते. जनुकांत फेरफार करणारे ‘शेपर’ आणि यंत्रांची जोड घेणारे ‘मेकॅनिस्ट’ असे दोन पक्ष सूर्यमालेत परस्परांशी झगडतात. येथे निवड हीच अस्मिता बनते. स्टर्लिंग यांचे श्रेय असे की, कोणताही पक्ष निर्भेळ राहू शकत नाही, हे त्यांनी दाखविले. तरीही दोन्ही लेखकांच्या कृतींत अवयव हा मुख्यतः मिळविण्याचा विषय आहे. तो दुसऱ्या कोणाकडून आला असेल, तर त्या दुसऱ्याचे काय, हा प्रश्न परिघावरच राहतो.

परंपरेतील दोन प्रतिमाने

भारतीय परंपरेत या दोन्ही मार्गांची प्रतिमाने आढळतात. युद्धात पाय गमावलेल्या विश्पलेला अश्विनीकुमारांनी लोखंडाचा पाय दिल्याचा उल्लेख ऋग्वेदात आहे. त्याच अश्विनीकुमारांनी वृद्ध च्यवनाला पुन्हा तरुण केले. एकाच वैद्यद्वयाच्या नावावर धातूचा अवयव आणि देहाचे पुनर्यौवन या दोन्ही गोष्टी नोंदल्या गेल्या आहेत. या कथांत प्राचीन शस्त्रक्रियेचा पुरावा शोधणे अप्रस्तुत होय. त्यांचे मूल्य कल्पनेच्या इतिहासात आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण प्रतिमान ययातीचे आहे. विश्पलेचा पाय कोणाकडून काढून घेतलेला नाही. ययातीचे तारुण्य मात्र पुरूच्या देहातून आलेले आहे. वि. स. खांडेकर यांच्या ‘ययाति’ (१९५९) या कादंबरीचा विचार सामान्यतः भोग आणि संयम यांच्या अंगाने होतो. देहदानाच्या अंगाने पाहिल्यास तिची रचनाच बोलकी ठरते. या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे आपापली कहाणी स्वतः सांगतात. ज्याने तारुण्य दिले, त्या पुरूला मात्र निवेदकाचे स्थान नाही. दाता कथेच्या केंद्रस्थानी आहे, पण त्याचा आवाज नाही. जैविक मार्गाची नैतिक अडचण विज्ञानकथा बहरण्यापूर्वीच मराठी कादंबरीत अशा रीतीने, कदाचित अभावितपणे, उमटून गेली आहे.

मराठी विज्ञानकथा : देहाबाहेरचे यंत्र

मराठी विज्ञानकथेच्या वाढीत १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचा वाटा मोठा आहे. परिषदेच्या स्पर्धेसाठी जयंत नारळीकर यांनी १९७४ मध्ये ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, हे सर्वश्रुत आहे. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर आदी लेखकांनी ही धारा समृद्ध केली. येथे विवेचनासाठी नारळीकरांच्या दोन कृती घेतल्या आहेत.

‘वामन परत न आला’ या कादंबरीत भूगर्भात सापडलेल्या प्राचीन ज्ञानाच्या आधारे वामन हा बुद्धिमान यंत्रमानव घडविला जातो. स्वतःसारखे यंत्रमानव निर्माण करण्याची क्षमता हा त्याच्यापासून संभवणाऱ्या धोक्याचा गाभा आहे. प्रजनन हा सजीवाचा धर्म आहे. यंत्र तो आत्मसात करू पाहते, तेव्हा ते भयावह होते. चापेक यांच्या नाटकातही रोबोंचा प्रश्न अखेरीस प्रजननापाशीच येऊन ठेपतो, हे साम्य लक्षणीय आहे. परंतु वामन हा माणसाच्या बाहेर, त्याच्यासमोर उभा आहे. तो प्रतिस्पर्धी आहे, अवयव नाही.

‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत देहबदलाचा तिसराच मार्ग आहे. एका क्रिकेटपटूचा संपूर्ण देह आरशातील प्रतिमेसारखा उलटा होतो आणि उजव्या हाताचा गोलंदाज डाव्या हाताने प्रतिपक्षाला चकित करतो. येथे काहीही जोडलेले नाही, काहीही कोणाकडून घेतलेले नाही. अवकाशाच्या भूमितीनेच देह पालटला आहे. हे वर्धन जैविकही नाही आणि यांत्रिकही नाही. कल्पनेचे हे चातुर्य निर्विवाद आहे. मात्र उलट्या देहात राहण्याचा अनुभव हा कथेचा मुख्य विषय नाही. शोधाचे कोडे आणि त्याची उकल हाच तिचा आनंद आहे.

या दोन कृतींवरून संपूर्ण मराठी विज्ञानकथेविषयी निर्णय देणे योग्य होणार नाही. तरीही त्यांतून एक प्रवृत्ती सूचित होते. विज्ञानप्रसाराच्या प्रेरणेतून वाढलेल्या या कथेचे लक्ष शोध आणि त्याचे परिणाम यांवर केंद्रित होते. शोध अंगावर वागविणाऱ्या देहाकडे पाहण्यास तिला तुलनेने कमी अवसर मिळाला.

घाटकोपरची कसोटी

जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकावर लोकल पकडताना एक महाविद्यालयीन तरुणी फलाट आणि गाडी यांमधील पोकळीत पडली आणि तिने दोन्ही हात गमावले. या घटनेनंतर उपनगरी फलाटांच्या उंचीचा प्रश्न ऐरणीवर आला. तिला प्रथम इलेक्ट्रॉनिक कृत्रिम हात देण्यात आले. ऑगस्ट २०२० मध्ये परळ येथील रुग्णालयात तिच्यावर दोन्ही हातांच्या प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली. त्यासाठी मेंदूमृत दात्याचे हात चेन्नईहून विमानाने आणण्यात आले होते.

या क्रमाचा अर्थ ‘यंत्र हरले, जीव जिंकला’ असा लावणे भाबडेपणाचे ठरेल. विद्युत्‌चलित कृत्रिम हात उरलेल्या स्नायूंतील सूक्ष्म विद्युत्‌संकेतांवर चालतो. तो काढून ठेवता येतो, दुरुस्त करता येतो. परंतु त्याला भार असतो, त्याची बॅटरी भरावी लागते आणि त्वचेचा स्पर्श त्याला नसतो. प्रत्यारोपित हातात स्पर्श परतू शकतो, पण मज्जातंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने वाढत असल्यामुळे त्यास महिने, कधी वर्षे लागतात. शिवाय शरीराने तो हात नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे कायम घ्यावी लागतात. त्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. यांत्रिक हाताचे ऋण निर्मात्याचे आणि बाजाराचे आहे. जैविक हाताचे ऋण दात्याचे आणि औषधाचे आहे. ऋणमुक्त अवयव या निवडीत कोठेही नाही.

जैविक अवयव अधिक ‘आपला’ असतो, हे गृहीतही तपासून घ्यावे लागते. १९९८ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे ज्या रुग्णावर हाताचे प्रत्यारोपण झाले, त्याने औषधे नियमित घेतली नाहीत. तो हात त्याला परका वाटू लागला आणि २००१ मध्ये त्याच्याच इच्छेने काढून टाकण्यात आला. मांसाचा हात परका वाटू शकतो, तसा धातूचा हात सवयीने आपला होऊ शकतो. आपलेपणा द्रव्यात नसून दीर्घ सहवासात आहे, असे यावरून म्हणता येते.

विज्ञानसाहित्याने दुर्लक्षिलेला कालखंड हाच आहे. शस्त्रक्रियेची रात्र नाट्यपूर्ण असते आणि तिच्यावर कथा संपविता येते. त्यानंतरची व्यायामाची सकाळ, औषधाची ठरलेली वेळ, दुसऱ्याच्या हाताने प्रथमच उचललेला पेला, आणि दूरच्या शहरात त्या हातांना ओळखणारे एक कुटुंब आहे याची जाणीव, हे सारे मराठी विज्ञानकथेसाठी अद्याप मोकळे क्षेत्र आहे. पुरूला नाकारलेला आवाज येथे मिळू शकतो.

निष्कर्ष

१. जैविक आणि यांत्रिक हा भेद संज्ञांच्या उगमापासूनच सैल आहे. केवळ त्याच्या आधारे विज्ञानसाहित्याचे वर्गीकरण करणे अपुरे ठरते.

२. येथे विचारात घेतलेल्या पाश्चात्त्य कृतींनी निवडीचे तात्त्विक आणि राजकीय अंग समर्थपणे मांडले. मात्र देणाऱ्याची बाजू त्यांत गौण राहिली.

३. विवेचनास घेतलेल्या मराठी विज्ञानकथांत यंत्र देहाबाहेर राहिले. देहाच्या देण्याघेण्याचा प्रश्न ‘ययाति’सारख्या पौराणिक कादंबरीत अधिक खोलवर उमटला. अध्यापनात या दोन धारा एकत्र वाचणे उपयुक्त ठरेल.

४. घाटकोपरच्या घटनेने निवडीचा खरा निकष पुढे आणला आहे. अवयव कशाचा आहे यापेक्षा तो कोणाच्या आधारावर आणि कोणत्या देण्यावर चालतो, हे महत्त्वाचे आहे. या निकषावर उतरणारी मराठी विज्ञानकथा लिहिली गेली, तर ती उद्याच्या माणसाइतकीच आज लोकलच्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसाचीही कथा असेल.