‘ध’चा ‘मा’ आणि गुणपत्रिका

आप्तांसाठीं अधिकार वांकविला जाणें हा विषय मराठी वाङ्मयास नवा नाहीं. नारायणरावास ‘धरावें’ या हुकुमांतील ‘ध’चा आनंदीबाईनें ‘मा’ केला, ही आख्यायिका खरी असो वा खोटी, तिच्यावर आपल्या रंगभूमीनें पुष्कळ दिवस गुजराण केली आहे. १७७३ सालच्या त्या खुनावरच खाडिलकरांचें ‘भाऊबंदकी’ (१९०९) उभें आहे. त्यांतील रामशास्त्र्यांचा निवाडा ऐकून प्रेक्षकाचें मन कसें निवतें, हें वाचकांस सांगावयास नको. आमची तक्रार या नाटकाविषयीं नाहीं. त्याच्या यशामुळें लेखकांना जडलेल्या संवयीविषयीं आहे. कोणी तरी कट रचला पाहिजे, कोणी तरी लेखणी उचलली पाहिजे, आणि तें सारें दिव्यांच्या उजेडांत दिसलें पाहिजे, असें त्यांस वाटूं लागलें.

आतां एक खरें प्रकरण घ्या. १९८५ सालीं मुंबई विद्यापीठाच्या एम. डी. परीक्षेस तत्कालीन मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील-निलंगेकर यांची कन्या बसली होती. तिच्या गुणांत फेरफार झाल्याची तक्रार एका डॉक्टरानें उच्च न्यायालयांत नेली. प्रथम एका न्यायमूर्तींनीं मुख्यमंत्र्यांस दोष दिला, आणि मार्च १९८६ मध्यें निलंगेकरांनीं राजीनामा दिला. पुढें अपिलांत, त्यांनीं स्वतः तसें सांगितल्याचा प्रत्यक्ष पुरावा नाहीं, असें ठरलें. तरी प्रतिकूल शेरे राहिलेच, आणि डिसेंबर १९८६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही ते पुसले नाहींत.

नाटककारानें येथें थांबून विचार करावयास हवा होता. सांगण्यावरून कीं मर्जीखातर? या दोन शब्दांच्या मध्यें जी फट आहे तींतच सगळें नाटक आहे. तेथें ‘ध’चा ‘मा’ करणारा हात शोधूनही सांपडत नाहीं. साहेबांची मुलगी परीक्षेस बसली आहे एवढें कानांवर असलें कीं पुरे. पुढचें कचेरी आपण होऊन समजते. बाप बोलत नाहीं, परीक्षक विचारीत नाहीं, आणि आंकडे मात्र बदलतात. संवादावांचून घडणारा हा अपराध संवादावर जगणाऱ्या कलेला अवघड वाटला, तर नवल नाहीं.

कादंबरीस तरी ही अडचण नव्हती. परंतु अरुण साधूंच्या ‘सिंहासन’मध्यें (१९७७, जब्बार पटेलांचा चित्रपट १९७९) रंग भरला आहे तो मुख्यमंत्री आणि अर्थमंत्री यांच्या झुंजींत. ती कादंबरी या प्रकरणापूर्वींची, म्हणून तिला दोष देतां येत नाहीं; तिच्यानंतरच्यांना देतां येतो. कारण पुढें पुण्याच्या एरंडवण्यांतील प्रकरण घडलें. प्राथमिक शाळेसाठीं राखून ठेवलेल्या भूखंडावर मुख्यमंत्री मनोहर जोशी यांच्या जांवयाची बहुमजली इमारत उठली. जानेवारी १९९९ मध्यें जोशी पायउतार झाले. मार्चमध्यें उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला, आणि तो सर्वोच्च न्यायालयानें ऑक्टोबर २०११ मध्यें कायम केला. शिक्षणाच्या व्यवसायांत नांव मिळविलेला सासरा, आणि शाळेची जागा! एवढें हातीं देऊनही आमच्या लेखकांस कादंबरी सुचूं नये?

अशी गोष्ट रंगवितां येत नाहीं असें जो म्हणेल, त्यानें कट्टा-मालवणकडील एखाद्या जत्रेंत दशावतार पाहत रात्र काढावी. तेथें छापील संहिता नसते. आख्यान ठरलें कीं नट आपल्या बुद्धीनें बोलतो. द्यूताचा प्रसंग मनांत आणा. फांसे शकुनि टाकतो. भीष्म-द्रोण मान खालीं घालून बसलेले. आणि आंधळा धृतराष्ट्र कसलीही आज्ञा करीत नाहीं. महाभारतांत तो उतावीळपणें पुनःपुन्हां एवढेंच विचारतो कीं, काय जिंकलें? आणि हा प्रश्न किती वेळां व कोणत्या स्वरांत विचारावयाचा, हें तेथें सर्वस्वीं नटाच्या हातीं असतें.