निवड, विक्री आणि विस्मरण : 'क्वीन'च्या 'ग्रेटेस्ट हिट्स' या संकलनाची चिकित्सा

प्रस्तावना

मराठी वाचकाला 'निवडक' हा ग्रंथप्रकार चांगला परिचित आहे. कुसुमाग्रजांच्या निवडक कवितांचा 'रसयात्रा' (१९६९) हा संग्रह बा. भ. बोरकर आणि शंकर वैद्य यांनी सिद्ध केला. विंदा करंदीकरांच्या कवितांची 'संहिता' (१९७५) मंगेश पाडगावकरांनी निवडली. या दोन्ही ठिकाणी निवडणाऱ्याचे नाव ठाऊक असते. त्यामुळे एखादी कविता का घेतली आणि दुसरी का गाळली यावर संपादकाशी वाद घालता येतो. ध्वनिमुद्रित संगीताच्या व्यवहारात 'निवडक'ची जागा 'गाजलेली गाणी' किंवा 'ग्रेटेस्ट हिट्स' या प्रकाराने घेतली आहे. या प्रकाराला बहुधा संपादक नसतो, प्रस्तावना नसते आणि समीक्षाही लाभत नाही. संगीतसमीक्षक त्याकडे दुकानदारीचा माल म्हणून पाहतो आणि सामान्य श्रोता मात्र आयुष्यभर तोच ऐकतो. लहान शहरांतील आणि तालुक्यांच्या गावांतील श्रोत्याच्या बाबतीत तर बहुतेक वेळा संकलन हाच त्या कलावंताचा संपूर्ण परिचय असतो. म्हणूनच अशा संकलनाची साहित्यसंग्रहाप्रमाणे बारकाईने छाननी होणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'क्वीन' या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाचे २६ ऑक्टोबर १९८१ रोजी प्रसिद्ध झालेले 'ग्रेटेस्ट हिट्स' हे संकलन विचारात घेतले आहे. जुलै २०२२ मध्ये ब्रिटनमधील त्याच्या विक्रीने ७० लाखांचा टप्पा ओलांडला. त्या देशात इतकी विक्री दुसऱ्या कोणत्याही अल्बमची झालेली नाही. या वाद्यवृंदाचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे पूर्वाश्रमीचा फारुख बलसारा, सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. मराठी मुलखाशी असलेला हा धागा पुढे तपासला आहे.

निवडीमागचा नियम

संकलनावर कोणाही संपादकाचे मत छापलेले नसले तरी निवडीचा नियम शोधता येतो. ब्रिटनमधील आवृत्तीत १७ गीते आहेत. १९७४ ते १९८० या काळात 'क्वीन'ची जी गीते ब्रिटिश विक्रीतक्त्याच्या पहिल्या विसांत पोहोचली, ती सर्व येथे आहेत. जी पोहोचली नाहीत ती नाहीत. 'टाय युवर मदर डाउन' हे गीत १९७७ मध्ये ३१ व्या क्रमांकावर थांबले, म्हणून गळाले. 'स्प्रेड युवर विंग्ज' हे १९७८ मध्ये ३४ व्या क्रमांकावर अडले, तेही गळाले. १९७३ चा पहिला अल्बम संपूर्णपणे वगळला गेला, कारण त्यातील एकही गीत तक्त्यात चढले नव्हते. नियमाला अपवाद म्हणावा असे एकच गीत दिसते, ते म्हणजे 'वुई विल रॉक यू'. परंतु तेही 'वुई आर द चॅम्पियन्स' या यशस्वी तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर होते. तात्पर्य, येथे संपादकाचे काम विक्रीतक्त्याने केले आहे.

या नियमाचा परिणाम 'लव्ह ऑफ माय लाइफ' या गीताच्या बाबतीत ठळकपणे जाणवतो. मूळ गीत १९७५ च्या 'अ नाइट ॲट द ऑपेरा' या अल्बममधील आहे. १९७९ मध्ये त्याची मैफलीतील आवृत्ती स्वतंत्रपणे निघाली, तेव्हा ब्रिटनमध्ये ती ६३ व्या क्रमांकापलीकडे गेली नाही. दक्षिण अमेरिकेत मात्र हेच गीत अफाट लोकप्रिय झाले आणि १९८१ च्या दौऱ्यात तेथील श्रोते ते संपूर्णपणे गात असत. तरीही त्याच वर्षी निघालेल्या ब्रिटिश संकलनात त्याला स्थान नाही. 'ग्रेटेस्ट' हे विशेषण कोणत्या भूगोलात खरे मानायचे, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. ध्वनिमुद्रण कंपन्यांना त्याची कल्पना होती असे दिसते. अमेरिकेत निघालेल्या आवृत्तीत १४ च गीते होती. तिच्यात डेव्हिड बोवीसमवेत गायिलेले 'अंडर प्रेशर' आणि पहिल्या अल्बममधील 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह' समाविष्ट केले गेले. एकाच नावाची, एकाच वर्षाची आणि तरीही वेगवेगळी अशी ही पुस्तके आहेत. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा प्रकार अपरिचित वाटू नये.

विक्री हाच निकष मानण्याची सवय भारतीय श्रोत्यालाही याच्या बऱ्याच आधी लागली होती. १९५२ च्या अखेरीस रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. तबकड्यांची विक्री आणि श्रोता संघांची पत्रे यांवरून गीतांच्या 'पायदानी' ठरू लागल्या. याच काळात आकाशवाणीची सूत्रे माहिती व नभोवाणी मंत्री डॉ. बा. वि. केसकर या मराठी भाषक विद्वानाच्या हाती होती. त्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले होते. एकीकडे अभिरुचीच्या नावाने गाळणारा मंत्री आणि दुसरीकडे खपाच्या नावाने निवडणारा तक्ता, असे हे द्वंद्व होते. केसकरांची बाजू हरली, आणि १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून आकाशवाणीलाच ती हार मान्य करावी लागली. केसकरांचा आग्रह दुराग्रह होता हे खरे. पण आपण काय ऐकावे याचे उत्तर देणारी व्यक्ती त्यात निदान समोर उभी होती, हेही नोंदवले पाहिजे.

क्रमाने घडविलेला अर्थ

निवड यांत्रिक असली तरी गीतांचा क्रम यांत्रिक नाही, आणि या संकलनाचे खरे कर्तृत्व येथे आहे. क्रम कालानुसारी नाही. तो मूळ अल्बमांतील स्थाने उलथून टाकतो. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे ५ मिनिटे ५५ सेकंदांचे गीत 'अ नाइट ॲट द ऑपेरा'मध्ये जवळजवळ शेवटी येते. त्याच्यानंतर फक्त ब्रिटिश राष्ट्रगीताची गिटारवरील छोटी आवृत्ती असते. मूळ स्थानी हे गीत म्हणजे एका दीर्घ, बहुरंगी प्रयोगाची परिणती आहे. विनोदी, हळवी, संतप्त अशी अनेक गीते ऐकून झाल्यावर श्रोता त्या ऑपेरासदृश मध्यभागापर्यंत पोहोचतो आणि तोवर त्याचा कान तयार झालेला असतो. संकलनात तेच गीत पहिले येते. मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांनी स्वतःचेच आवाज एकावर एक चढवून उभा केलेला तो समूहस्वर कोणत्याही पूर्वतयारीविना श्रोत्यावर कोसळतो. परिणती प्रस्तावना होते, आणि पुढची १६ गीते तिच्या सावलीत ऐकावी लागतात.

शेवटाचेही तसेच आहे. 'वुई विल रॉक यू' आणि 'वुई आर द चॅम्पियन्स' ही जोडी १९७७ च्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या अल्बमच्या अगदी प्रारंभी येते. संकलनात ती शेवटी ठेवली आहे. त्यामुळे जे आवाहन होते ते निरोपाचे गीत झाले. मैफलीत 'क्वीन' ही दोन गीते शेवटीच घेत असे, म्हणून संकलनाने अल्बमऐवजी मैफलीचा क्रम स्वीकारला असे म्हणता येते. ही सूज्ञ निवड होय. 'वुई विल रॉक यू'मध्ये ढोल नाही. लाकडी फळ्यांवर आपटलेले पाय आणि टाळ्या यांचे ध्वनी पुन्हा पुन्हा मुद्रित करून तो ठेका उभा केला आहे. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी असलेल्या ब्रायन मे याने त्या ध्वनींमधील विलंब अशा रीतीने योजले की, हजारो माणसे एकाच वेळी पण वेगवेगळ्या अंतरांवरून पाय आपटत आहेत असा भास व्हावा. गिटार अगदी शेवटी येते. पावलांच्या आणि टाळ्यांच्या बळावर समूहाला गायक करण्याची ही युक्ती लेझीम आणि दिंडीतील पावली पाहिलेल्या मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. मूळ अल्बममध्ये हा समूह कल्पिलेला होता. १९८१ मध्ये संकलनाच्या शेवटी तो ठेका आला तोवर असे समूह क्रीडांगणांवर खरोखर उभे राहिले होते.

एका ठिकाणी तर संकलन मूळ अल्बमपेक्षा सरस ठरते. 'फॅट बॉटम्ड गर्ल्स' आणि 'बायसिकल रेस' ही मे व मर्क्युरी यांची स्वतंत्र गीते परस्परांचा उल्लेख करतात. १९७८ च्या 'जॅझ' या अल्बममध्ये त्यांच्यामध्ये एक तिसरे गीत येऊन बसले होते. संकलनाने ती शेजारी आणली आणि दोन कवींमधील थट्टा प्रथमच सलग ऐकू आली. याउलट 'फ्लॅश' हे चित्रपटासाठी रचलेले गीत त्या चित्रपटातील संवादांच्या तुकड्यांसह येथे उपरे वाटते. तक्त्यात दहावे आले, एवढेच त्याच्या समावेशाचे समर्थन.

पाचगणीचा माग

फारुख बलसारा यांचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात झाला. १९५५ मध्ये ते पाचगणीच्या शाळेत दाखल झाले, तेथेच त्यांना 'फ्रेडी' म्हटले जाऊ लागले आणि १९५८ मध्ये त्यांनी चार शाळासोबत्यांसह 'हेक्टिक्स' हा वाद्यवृंद काढला. त्यात ते पियानो वाजवीत. मुख्य गायक दुसराच मुलगा होता. १९६३ मध्ये ते झांझिबारला परतले आणि १९६४ च्या तेथील क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. पुढे भारतातील बालपणाविषयी ते जाहीरपणे फारसे बोलले नाहीत. २०१८ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या चित्रपटाची जीवनकथाही लंडनपासूनच सुरू होते.

या मौनामुळे भारतीय लेखकांना त्यांच्या गीतांत 'पौर्वात्य' खुणा शोधण्याचा मोह होतो. त्यासाठी नेहमी 'मुस्तफा'कडे बोट दाखवले जाते. 'जॅझ'मधील हे पहिलेच गीत इंग्रजी, अरबी वळणाचे शब्द आणि काही निरर्थक ध्वनी यांच्या मिश्रणातून बनले आहे. त्या काळातील काही मैफलींत मर्क्युरी त्याची सुरुवात 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या आधी गात. संकलनात ते नाही, आणि म्हणून संकलनाने मर्क्युरींचे पूर्वायुष्य पुसले असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु हा निष्कर्ष टिकत नाही. 'मुस्तफा'तील पूर्व ही पाश्चात्त्य रंगमंचावरची पूर्व आहे. पाचगणीच्या इंग्रजी निवासी शाळेत तिचे काहीच नव्हते. 'हेक्टिक्स'ची मुले एल्विस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्ड यांची गाणी वाजवीत. तेव्हा पाचगणीचा खरा माग शोधायचा असेल तर तो 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह' या १९७९ च्या गीतात, एल्विसच्या धाटणीला केलेल्या त्या उघड नमस्कारात शोधावा लागतो. हे गीत संकलनात ठळकपणे आहे. सह्याद्रीच्या कुशीतील त्या शाळेने मर्क्युरींना पूर्व दिली नाही; पन्नासच्या दशकातील अमेरिका दिली. हे मान्य करणे आपल्या प्रादेशिक अभिमानाला थोडे जड जाते, इतकेच.

पूर्वेचा प्रश्न दुसऱ्या मार्गाने मात्र समोर आला. २००४ मध्ये इराणमध्ये 'क्वीन'च्या निवडक गीतांची कॅसेट अधिकृतपणे विक्रीस आली. त्या देशात शासनाच्या परवानगीने निघालेला तो पहिला रॉक अल्बम मानला गेला. तिच्यातून काही प्रेमगीते वगळली होती. सोबत गीतांचा अनुवाद आणि स्पष्टीकरण देणारे पत्रक होते. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'तील तरुण हातून हत्या घडल्यावर आत्मा सैतानाला विकतो आणि शेवटी 'बिस्मिल्ला' म्हणून देवाला हाक मारून तो परत मिळवतो, असा अर्थ त्यात लावला होता. ज्या गीताचा अर्थ मर्क्युरींनी कधीच सांगितला नाही, त्याला येथे भाष्यकार लाभला. ब्रिटनमध्ये तक्त्याने निवडले, इराणमध्ये परीक्षण मंडळाने. यांपैकी प्रस्तावना लिहिण्याचे कष्ट दुसऱ्याने घेतले, ही विसंगती दुर्लक्षिता येत नाही.

संदर्भ तुटल्याने गीताचे काय होते, याचे उदाहरण जवळही सापडते. पुसद, दिग्रस, दारव्हा या परिसरातील बंजारा तांड्यांवर होळीच्या दिवसांत लेंगी गायिली जाते. एकाने म्हणायचे, इतरांनी उचलून धरायचे आणि फेर धरायचा, अशी तिची रीत. ध्वनिमुद्रण झाले की ती बारमाही होते, आणि कोणती लेंगी 'गाजलेली' हे फेर धरणाऱ्यांऐवजी विकणारा ठरवू लागतो. लोकगीत आणि रॉक यांत अंतर मोठे आहे. तथापि प्रक्रिया एकच आहे.

कोणाची गीते?

१७ गीतांपैकी १० मर्क्युरींची, ५ ब्रायन मे यांची आणि २ बासगिटारवादक जॉन डीकन यांची आहेत. ढोलवादक रॉजर टेलर यांचे एकही नाही. मुखपृष्ठावर लॉर्ड स्नोडन यांनी टिपलेले चौघांचे छायाचित्र आहे. आत मात्र तिघेच कवी आहेत. टेलर गीते लिहीत नव्हते असे नाही. 'आय ॲम इन लव्ह विथ माय कार' हे त्यांचे गीत 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर होते आणि मानधनाच्या नियमानुसार त्यांना पहिल्या बाजूइतकीच रक्कम मिळाली. त्यावरून वाद्यवृंदात दीर्घकाळ कटुता राहिली. विक्रीच्या हिशेबात जे गीत बरोबरीचे ठरले, ते विक्रीवरच उभ्या राहिलेल्या संकलनात मात्र कोठेही नाही.

१९८९ च्या 'द मिरॅकल'पासून चौघांनी सर्व गीते वाद्यवृंदाच्या सामाईक नावाने प्रसिद्ध केली. २८ ऑक्टोबर १९९१ रोजी 'ग्रेटेस्ट हिट्स २' निघाले. त्यातही १७ गीते आहेत. ते टेलर यांच्या 'अ काइंड ऑफ मॅजिक'ने सुरू होते. चार आठवड्यांच्या आत, २४ नोव्हेंबरला, मर्क्युरी यांचे लंडनमध्ये निधन झाले आणि त्यांचे अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले.